जुन्या जीपचा पत्रा आणि वाळूचा मारा

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या मोटारीचा रंग काढायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय सुचवला जातो, तो म्हणजे सॅण्डब्लास्टिंग, अर्थात दाबाच्या हवेने वाळूसारखे कठीण कण मारून रंग आणि गंज उडवून लावण्याची पद्धत. या सल्ल्यामागे मोटारीचा विचार कमी आणि परिसरातील उद्योगांची सवय अधिक असते. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट आणि कागदाचे कारखाने यांचे गर्डर, टाक्या आणि पाइप साफ करणे हा येथील ब्लास्टिंगवाल्यांचा रोजचा धंदा आहे आणि ते लोखंड बऱ्याचदा ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. मोटारीच्या बॉनेटचा पत्रा मात्र जेमतेम १ मिलिमीटरच्या आसपास भरतो. हा फरक ज्याला समजून घ्यायचा नाही, त्याच्या हाती जुनी गाडी देऊ नये, हे प्रस्तुत लेखकाच्या जीपचे जे नुकसान झाले त्यावरून पुरेसे सिद्ध झाले आहे.

ही जीप सीजे-३बी जातीची, म्हणजे उंच बॉनेटची आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीप जोडण्यास सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी हे प्रारूप भारतात दीर्घकाळ बनत राहिले. तिच्या बॉनेटचा माथा रुंद आणि सपाट असल्यामुळे पत्र्यातील दोष तेथे सर्वांत आधी उघडा पडतो. काम देताना ब्लास्टिंग फक्त चेसिस आणि चाकांवर करावे, पत्र्याच्या भागांना हात लावू नये, असे कागदावर लिहून दिले होते. तरीही ब्लास्टिंगच्या कारखानदाराने बॉनेट आणि एक मडगार्ड परस्पर वाळूखाली घातले. विचारणा झाल्यावर ‘लोखंडच आहे, काही होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

ब्लास्टिंग झालेला पत्रा राखी आणि निस्तेज दिसतो, त्यामुळे उघड्या डोळ्यांना त्यातील बिघाड लगेच कळत नाही. थिनरमध्ये भिजवलेले फडके बॉनेटवरून फिरवले तेव्हा ओल्या पत्र्यात वरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब उमटले आणि सरळ दिसायला हवी ती रेघ जागोजागी वाकडी होऊन तुटलेली दिसली. मध्यभागी तळहाताने दाबताच पत्रा ‘टक’ आवाज करून खाली बसला आणि हात काढताच पुन्हा वर आला. पत्रा ताणला गेल्याची ही खात्रीची खूण होय. कारखानदाराने जुना पत्रा आधीपासूनच कमजोर होता असा दावा केला. परंतु त्याच गाडीचे, तेवढ्याच वयाचे, वाळू न लागलेले दुसरे मडगार्ड शेजारीच पडलेले होते आणि त्यावर तेच फडके फिरवले असता प्रतिबिंब सरळ उमटत होते. या पुराव्यावर त्याने काहीही उत्तर दिले नाही, मात्र बिलातला एक रुपयाही कमी केला नाही.

असे का घडते, याचे स्पष्टीकरण सर्वसाधारण समजुतीपेक्षा वेगळे आहे. पत्रा मुख्यतः उष्णतेने वाकतो असे मानले जाते. प्रत्यक्षात प्रत्येक कण हातोडीचा बारीक घाव घालतो, त्यामुळे पत्र्याची वरची कातडी पसरते, खालची तशीच राहते आणि पत्रा माऱ्याच्या बाजूला फुगतो. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातील जॉन आल्मेन यांनी माऱ्याची तीव्रता मोजण्यासाठी जी पोलादी पट्टी वापरात आणली, ती याच वाकण्यावर आधारलेली आहे.

म्हणून पद्धत निवडताना कणाची कठीणता आणि भागाची जाडी यांची सांगड घालावी. मोह्स या कठीणता-मापावर वाळूतील क्वार्ट्झ ७, काचेचे मणी साधारण ६, प्लॅस्टिकचे कण ३ ते ४ आणि खाण्याचा सोडा सुमारे २.५ येतो. चेसिस, चाके आणि जाड ब्रॅकेट यांना गार्नेट हे खनिज योग्य आहे. बॉनेट, मडगार्ड आणि दारे यांना कमी दाबावर, तिरप्या कोनातून मारलेले प्लॅस्टिकचे कण चालतात, आणि ते जवळपास मिळत नसतील तर पत्रे उतरवून पेंट रिमूव्हरने रंग काढणे वेळखाऊ असले तरी पत्र्यासाठी निर्धोक आहे. सोड्याने १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या आतील तांब्यावरचे डांबरी थर निघाले, हे खरे. परंतु सोडा गंज काढत नाही आणि त्याचा अल्कधर्मी अंश नीट धुतला नाही तर नवा रंग पापुद्र्याने सुटतो.

नदीची वाळू या कामासाठी मुळीच वापरू देऊ नये. वाळू फुटून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. पूर्वीच्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत या आजाराची नोंद होती. स्वस्त वाळूची किंमत तोंडाला गमछा बांधून नोझल धरणारा मजूर चुकवतो, याचा विचार गाडीच्या मालकानेही केला पाहिजे.

ब्लास्टिंगपूर्वी चेसिस क्रमांकावर जाड पट्टी चिकटवून तो झाकावा. ५० वर्षांवरील वाहनांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण क्रमांकच घासला गेला तर गाडीची ओळख पटवणे कठीण होते. ॲक्सलचे, ब्रेकचे आणि बंद पोकळ भागांची तोंडे बुजवावीत, कारण आत अडकलेले कण रंग मारताना स्प्रे गनच्या हवेने बाहेर येतात. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत उघडा पत्रा काही तासांतच तांबूस होतो, म्हणून कोरड्या दिवसांत ब्लास्टिंग करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणता भाग, कोणते कण आणि किती दाब हे कामाच्या पावतीवर कारखानदाराच्या सहीनिशी लिहून घ्यावे, आधी मडगार्डच्या आतल्या बाजूला वीतभर जागेवर नमुना करून घ्यावा आणि ओल्या फडक्याची परीक्षा झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. केवळ मालकाने लिहून दिलेला कागद कारखानदार पाळतोच असे नाही, हे या प्रकरणात दिसून आले. म्हणून जो सही करण्यास नकार देईल, त्याच्या दारातून गाडी तशीच परत आणावी.