शॉकअप नवे, तरी चाक आडवं

जुन्या गाडीच्या पुढच्या बाजूने खडखड सुरू झाली, की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते शॉकअपचं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण शॉकअप गेला तर गाडी हेलकावे खाते, टायर लवकर झिजतात. चाक निखळत नाही. चाक निखळतं ते बॉल जॉइंट सुटल्यावर. आणि स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड सुटला, तर स्टिअरिंग हातात असूनही चाक आपल्या ताब्यात राहत नाही. हे दोन्ही भाग मुठीत मावतील एवढे लहान आहेत. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही तर काय होतं, ते बारामती-इंदापूर रस्त्यावर मी अनुभवलं आहे. जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत ते पोचावं, म्हणून लिहितो आहे.

आमची मारुती ८०० चुलत्यांकडून आली. इंजिन धडधाकट, पत्रा ठीक. पण खड्ड्यात चाक गेलं की डाव्या बाजूने ‘टक्क’ असा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली. “मालक, शॉकअप गेलेत, जोडीच टाका,” असं सांगितलं. दोन्ही शॉकअप बदलले. गाडी मऊ चालायला लागली, आवाज कमी झाला, पण पुरता गेला नाही. “जुन्या गाडीला एवढा राहणारच,” असं उत्तर मिळालं.

पुढे ऐन गाळपाच्या दिवसांत बारामतीहून इंदापूरला निघालो होतो. काटेवाडी, भवानीनगर मागे पडलं. लासुर्णे ओलांडून अंथुर्ण्याच्या अलीकडे समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला मी गाडी हळू करून डांबराखाली उतरवली. कडेच्या खळग्यात डावं चाक गेलं, मोठा आवाज झाला आणि गाडीचं नाक खाली बसलं. स्टिअरिंग फिरेना. ट्रॅक्टरवाला उतरून आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “दादा, गाडी हलवू नका. चाक पार आडवं झालंय.”

खालचा बॉल जॉइंट आपल्या वाटीतून बाहेर पडला होता. चाकाचा खालचा भाग बाहेर फेकला गेला होता आणि टायर मडगार्डमध्ये अडकला होता. वेग अगदी कमी होता, म्हणून सगळे सुखरूप राहिलो. आमचं येणं-जाणं नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरूनही असतं. तिथे बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. हेच चाक तिथे सुटलं असतं तर काय झालं असतं, हे सांगायची गरज नाही.

बिघाड नेमका कुठे होता

बॉल जॉइंट म्हणजे लोखंडी वाटीत बसवलेली गुळगुळीत गोळी, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी. तिच्यामुळे चाक डावी-उजवीकडे वळतं आणि वर-खालीही होतं. आत ग्रीस, बाहेरून रबरी टोपी. टोपी शाबूत असेल तर हा जॉइंट वर्षानुवर्षं टिकतो. ती फाटली की आत चिखल शिरतो, ग्रीस धुऊन निघतं, गंज चढतो आणि गोळी वाटीला घासू लागते. आमच्या गाडीची टोपी फाटलेली होती. आत ग्रीस नव्हतं, लालसर गंजाचा लगदा होता. वर नवाकोरा शॉकअप चमकत होता.

आपल्या भागात हे लवकर घडतं आणि त्याला कारणं आहेत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला आतला रस्ता सपाट राहत नाही. हंगामात ट्रॅक्टर शेतातून थेट डांबरावर येतात आणि चाकाचा चिखल तिथेच टाकतात. पाटाच्या पाण्यातून, शेतरस्त्यावरून छोटी गाडी सतत जाते. पालखी मार्गामुळे मुख्य रस्ता सुधारला, पण घरापासून त्या रस्त्यापर्यंतचं अंतर गाडीला पूर्वीसारखंच कापावं लागतं.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: गाडीखाली जाऊन सांधे बघायची सवय मोडली. बारामती-इंदापूर रस्त्यावरून जंक्शनला आत वळलं की वालचंदनगर लागतं. ज्या वालचंद हिराचंदांनी ते उभं केलं, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या फियाटचा आणि त्या काळच्या जीपचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ग्रीसगन आठवत असेल. पुढच्या सांध्यांना निपल असायचे आणि ठरावीक अंतराने ग्रीस मारावंच लागायचं. त्या निमित्ताने कुणीतरी गाडीखाली जायचं, प्रत्येक सांध्याला हात लावायचं, आणि ढिला सांधा तिथेच सापडायचा. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिचे जॉइंट कारखान्यातूनच बंदिस्त. ग्रीस मारायचं काम संपलं, पण त्याबरोबर हात लावून बघायची सवयही संपली. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक मारुती ८०० पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्या वेळी गाडी तपासली जाते. पण फाटलेल्या टोपीखालचा जॉइंट पाच वर्षं थांबत नाही.

घरी तपासणी कशी करावी

या तपासणीला मोठी हत्यारं लागत नाहीत. पण गाडी सुरक्षित उचलता आली पाहिजे. मारुती ८०० मध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढची चाकं उचलली की गिअरमध्ये टाकून ठेवण्याचा काही उपयोग नाही. हँडब्रेक ओढा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. अंगणातली काळी माती जॅकचं वजन पेलत नाही, पाणी मारलेली तर मुळीच नाही. फरशीवर काम करा किंवा जॅकखाली जाड फळी घाला. गाडी उचलली की जॅक पॉइंटपाशी लोखंडी स्टँड लावा. त्या आधी तिथला पत्रा गंजलेला नाही ना, ते पाहा. विटा, सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते वजनाखाली अचानक फुटतात. चाक काढावं लागलं, तर ते गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा नाही.

चाक अधांतरी झालं की वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला, तर चाकाच्या बेअरिंगकडे बोट जातं. तो तसाच राहिला, तर बॉल जॉइंट बघा. टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचला आणि जॉइंटवर नजर ठेवा. गोळी वाटीत वर-खाली होताना दिसली तर तो भाग संपला. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) उभी असते, त्यांत जॅक त्या आर्मखाली लावावा लागतो. नाहीतर स्प्रिंगचा दाब जॉइंटला घट्ट धरून ठेवतो आणि खेळ लपतो.

आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला खेळ टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंगच्या रॅकचा. नक्की कुठला, ते गाडी जमिनीवर असताना चांगलं कळतं: इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग थोडंथोडं दोन्हीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडवर बोटं ठेवायची. डोळ्यांना दिसत नाही तो खेळ बोटांना लागतो.

मारुती ८०० ची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. तिच्या खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवायचं काम पुढून जाणारा जाड स्टॅबिलायझर बार करतो. त्याचे रबरी बुश झिजले, की ब्रेक मारताना एकच ‘ठक्क’ होतं आणि गाडी एका बाजूला ओढते. याही आवाजाला लोक शॉकअपच म्हणतात. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं रबर गेलं आहे का ते पाहायला बॉनेट उघडून तिथे हात ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. रबर गेलं असेल, तर धक्का हाताला जाणवतो.

टायरही बोलतो. रबराच्या कडा एका दिशेने करवतीसारख्या धारदार लागल्या, तर चाकांची दिशा बिघडली आहे. आतली कड झिजली असेल, तर चाकाचा कल किंवा आर्मचे बुश बघा. ठिकठिकाणी खोलगट झिजला असेल, तर शॉकअप.

कोणतं काम आपलं, कोणतं गॅरेजचं

टाय रॉड एंड, स्टॅबिलायझरचे बुश आणि बॉल जॉइंटसकट खालचा आर्म बदलणं ही कामं धीर असलेला माणूस घरी करू शकतो. काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा.

टाय रॉड एंड काढताना स्प्लिट पिन काढून खाचांचा नट सैल करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. हातोडा बोल्टच्या टोकावर मारू नका, आटे बसतात. ज्या कानात तो बोल्ट बसला आहे, त्या कानाच्या बाजूवर ठोका, समोरून दुसरा जड हातोडा टेकवून. एक-दोन खणखणीत ठोक्यांत पकड सुटते. जुना एंड किती आटे फिरवून निघाला ते मोजा आणि नवा तेवढाच चढवा. यामुळे गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते, एवढंच. अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.

नवी स्प्लिट पिन टाका, जुनी परत वापरू नका. भोक खाचेशी जुळलं नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे सैल करू नका. आर्म बदलताना चाकाचा सांगाडा बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो. ब्रेकच्या रबरी नळीवरही कशाचं वजन येऊ देऊ नका. बॉल जॉइंटच्या मानेवर खाच असते, आडवा बोल्ट तिच्यातूनच जायला हवा. रबरी बुशचे बोल्ट आधी हाताने लावून ठेवा आणि गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळा. अधांतरी आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

शॉकअपवरची स्प्रिंग घरी उघडू नका. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि त्यातला जास्त भार पुढे. तो पेलणारी ही स्प्रिंग मोठ्या जोराने दाबलेली असते. योग्य साधनाशिवाय वरचा नट सोडला, तर ती माणसाच्या जिवावर उठते. बेअरिंग प्रेसवर बसवणं आणि रॅक उघडणं ही कामंही जाणत्याकडेच द्या.

झिजलेली वाटी ठोकून घट्ट करणं, लेथवर भरून घेणं, गॅसने तापवून सांधा सोडवणं, हे प्रकार स्टिअरिंगच्या भागांवर कधीही होऊ देऊ नका. ठोकलेली वाटी चार दिवस आवाज करत नाही, पण धरूनही ठेवत नाही. तापवलेल्या पोलादाचं पाणी उतरतं. भाग नवाच घ्या, शक्य तर कंपनीचा, बिल घेऊन आणि दोन्ही बाजूंचा.

गॅरेजमध्ये काम करून घेणार असाल, तर गाडी उचलून खेळ स्वतःला दाखवायला सांगा. “कुठे हलतंय ते दाखवा,” हे वाक्य नम्रपणे, पण ठामपणे म्हणा. चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही. तो चाक हलवून दाखवतो. भाग बदलल्यानंतरही आवाज उरला असेल, तर काम पूर्ण झालेलं नाही. उरलेल्या आवाजाचं कारण सापडेपर्यंत गाडी लांबच्या रस्त्याला काढू नका.

पाऊस संपल्यावर, गाळप सुरू होण्याआधी एकदा आणि हंगाम संपल्यावर एकदा, दोन्ही पुढची चाकं उचलून हलवून बघा. रबरी टोप्या पुसून त्यांची घडी उघडून पाहा. टोपीला चीर दिसली पण खेळ नसेल, तर ती वेळेवर सापडली असं समजा आणि त्याच आठवड्यात काम करा. खेळ असेल, तर गाडी तिथेच उभी ठेवा. या गाड्यांतून आपण म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेतो, मुलांना शाळेत सोडतो. त्यांच्यासाठी वर्षातून दोनदा हात काळे करायला काहीच हरकत नाही.