नागपुरातल्या समुद्राला ऊन लागलं

दोस्तहो, सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. तरी हे मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण यातला अर्धा धडा मला थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकाने नाही, आजीच्या माठाने शिकवला.

आमच्या हॉलमध्ये माझा रीफ टँक आहे. रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचं, प्रवाळांचं मत्स्यालय. साधारण १५० लिटर पाणी, खडक, थोडे मऊ प्रवाळ आणि क्लाउनफिशची एक जोडी. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, म्हणून आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून मी तो घरीच बनवतो.

फर्स्ट इयरच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांवर होता आणि टँकचं पाणी ३१ अंशांवर. प्रवाळांना २५ ते २७ अंश मानवतं. मी घाबरलो आणि फ्रीझरमधल्या बर्फाच्या चार बाटल्या टँकमध्ये सोडल्या. पाणी २८ वर आलं. मी खूश! दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ३१. पुन्हा बर्फ. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दहावीच्या बक्षिसाच्या पैशांतून घेतलेला लेदर कोरल पांढराफटक पडला आणि आठवड्याभरात सडला. घरभर वास. मी बादलीत तो काढत असताना आजी म्हणाली, "अरे, माठ काय बर्फाने गार होतो? त्याला वाऱ्याला ठेवतात."

उष्णतेने नेमकं काय होतं?

प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी तापलं की शैवालाची ही यंत्रणा बिघडते, त्यातून घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात आणि प्रवाळ आपल्याच भाडेकरूला बाहेर काढतो. रंग जातो तो यामुळे. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. म्हणजे माशांचा श्वास वाढतो तेव्हाच हवा कमी पडते. माझ्या बर्फाने तर रोजचा तीन अंशांचा झोकाही दिला.

आजीचं गणित

माठ झिरपतो, बाहेरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आता आकडे बघा. आपलं १५० लिटर पाणी १ अंशाने थंड करायला साधारण ६०० किलोज्यूल काढावे लागतात. १ लिटर बर्फ वितळून टँकच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम ४५० शोषतो, म्हणजे पाऊण अंश. पण १ लिटर पाणी उडून गेलं तर सुमारे २४०० किलोज्यूल जातात, म्हणजे चार अंश! बर्फाच्या पाचपट, आणि तेही हळूहळू, झटका न देता.

मग मी काचेचं झाकण काढलं, मासे उडी मारू नयेत म्हणून बारीक जाळी लावली आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचे दोन छोटे पंखे असे बसवले की वारा पाण्यावरून आडवा जाईल. कंट्रोलर २७ ला पंखे चालू करतो, २६.५ ला बंद. त्यानंतरच्या मेमध्ये पाणी २७ च्या वर फारसं गेलं नाही.

ठाण्याला का जमलं नाही?

माझं बघून ठाण्याच्या मावसभावानेही पंखे लावले. पाणी २९ च्या खाली येईना. कारण आपल्या आरएसीच्या प्रॅक्टिकलमध्येच आहे: वेट बल्ब. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा घाला. तो जिथे थांबेल त्याच्या खाली नुसता पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. आमच्या हॉलमध्ये मेच्या दुपारी साधा पारा ३७ आणि ओला २३ होता. त्याच्याकडे साधा ३३, पण ओला २८. म्हणजे समुद्राकाठच्या ठाण्यापेक्षा नागपुरात समुद्र गार ठेवणं सोपं! दमट गावात चिलर किंवा खोलीचा एसी लागतोच. चिलर घेतलात तर त्याची गरम हवा बाहेर जाईल असं बघा, नाहीतर तो खोली तापवतो आणि खोली टँक.

कूलरवाल्यांसाठी एक सूचना. कूलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या की खोली दमट होते, ओला पारा चढतो आणि पंखे निकामी होतात. समोरची खिडकी उघडी ठेवा. यावरून आमच्याकडे बाबांशी बरेच वाद झाले. शेवटी ओला थर्मामीटर दाखवल्यावर त्यांनी मान्य केलं.

विसरू नका

पाणी उडतं, मीठ उडत नाही. माझ्याकडे मेमध्ये रोज ४ लिटर पाणी जातं. तीन दिवस भरलं नाही तर क्षारता ३५ वरून ३८ होते. काचेवर खूण करा आणि रोज सकाळी साधं आरओचं पाणी भरा, खारं नाही. दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळी पाचनंतर लावा. वीज गेली तर गारव्याआधी ऑक्सिजन संपतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा. आणि समुद्रातून काढलेला दगडी प्रवाळ विकत घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

माझ्या १५० लिटरला दोन पंखे पुरले. खऱ्या समुद्राला कोण पंखा लावणार? १९९८ च्या उष्णतेत लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक ब्लीचिंगची लाट जाहीर केली. तिथे तर नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, की पुरतं. पूर्वी मला वाटायचं, एका अंशाने काय होतं! तो कोरल बादलीत काढल्यापासून वाटत नाही.

आजीचा माठ अजून खिडकीत आहे. त्याच्या शेजारीच टँकच्या पाण्याचा कॅन ठेवतो. सकाळी दोन्ही भरायचं काम माझ्याकडे.