खांबावरचे दिवे आणि दप्तरातले दिवे

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून एलईडी पथदिवे घेतले. ग्रामसभेत 75 दिवे बसवल्याचे सांगितले. मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा मोजले, तर 43 भरले. भावही बाजारापेक्षा दुप्पट लागल्याचे कानावर आहे. विचारले की "गुरुजी, तुम्हाला कशाला नसता ताप" असे म्हणतात. मी निवृत्त शिक्षक आहे. गावात वैर न घेता याचा छडा लावता येईल का? – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : गुरुजी, निम्मे काम तुम्ही केलेलेच आहे. तुम्ही दिवे मोजलेत. खरेदीतल्या गडबडीची बहुतेक प्रकरणे पारावरच्या चर्चेतच विरतात, कारण वस्तू मोजायला कोणी उठत नाही.

मात्र 43 हा आकडा घेऊन लगेच सरपंचांच्या दारात जाऊ नका. आधी वाड्या-वस्त्या, शाळा, स्मशानभूमी, पाण्याची टाकी असे सगळे फिरून पुन्हा मोजा. बरोबर दोन माणसे घ्या, त्यातला एक विरुद्ध गटाचा असला तर उत्तमच. खांबनिहाय यादी करून तिघांनी सह्या करा. दिव्याच्या पाठीवर कंपनी आणि वॅट लिहिलेले असते. गावातला वायरमन दुरुस्तीला चढेल तेव्हा त्याच्याकडून ते वाचून घ्या, स्वतः खांबाला हात लावू नका. बिलात 30 वॅट आणि खांबावर 18 वॅट, हा प्रकार संख्येच्या घोळापेक्षा जास्त पैसे खातो आणि खालून पाहणाऱ्याला कळतही नाही.

आता दप्तराकडे वळू. कुठलीही खरेदी मागे कागदांची एक माळ ठेवून जाते. मासिक सभेचा ठराव, दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, बिल, प्रमाणक, रोकडवहीतली नोंद आणि साठा नोंदवहीतली नोंद. मी पहिल्यांदा साठा नोंदवही मागतो. ग्रामपंचायत लेखासंहिता 2011 प्रमाणे रोकडवही म्हणजे नमुना 5, उपभोग्य वस्तूंचा साठा नमुना 15 आणि जडवस्तूंचा नमुना 16. नुसते बल्ब घेतले असतील तर 15 मध्ये, फिटिंगसह दिवे असतील तर 16 मध्ये नोंद असायला हवी. पैसे गेल्याची नोंद कोणी चुकवत नाही, कारण बँक ती दाखवतेच. वस्तू आल्याची नोंद मात्र राहून जाते किंवा मागाहून घाईत केली जाते. तारखांचा क्रम बिघडला असेल, एकाच शाईत चार महिन्यांच्या नोंदी असतील, तर तिथे थांबा.

दरपत्रकांचे एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या दप्तरात मी तीन दुकानांची तीन दरपत्रके पाहिली. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे. पण तिन्हींत "पथदिवे" हा शब्द "पथदीवे" असा लिहिलेला होता आणि तिन्हींवर तारीख एकच होती. सर्वांत कमी दराचे दरपत्रकसुद्धा तालुक्याच्या बाजारभावापेक्षा कितीतरी वर होते. स्पर्धा कागदावर पूर्ण झालेली होती. तेव्हापासून मी दरपत्रकांवरचे आकडे नंतर वाचतो, शुद्धलेखन आधी तपासतो. तुम्ही शिक्षक आहात, हे काम तुमच्या हातचे आहे.

आणखी एक पाहा. ठराविक रकमेच्या वर निविदा काढावी लागते म्हणून एकाच खरेदीचे तुकडे पाडले जातात. एकाच पुरवठादाराला आठ-दहा दिवसांच्या अंतराने मर्यादेच्या जरा खालची तीन बिले दिलेली दिसली, तर ती तीन खरेद्या समजू नका. पुरवठादार कोणाचा कोण लागतो तेही विचारा. ग्रामपंचायतीच्या कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली तो अपात्र ठरू शकतो. तो निर्णय जिल्हाधिकारी देतात.

कागद मिळवायचे कसे? वित्त आयोगाच्या पैशांचा खर्च 2020 मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावनिहाय दिसतो. भाच्याला किंवा नातवाला मोबाइलवर उघडायला सांगा. कोणत्या तारखेला किती रक्कम गेली हे घरबसल्या कळेल. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा : जोडपत्र अ, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, 150 शब्दांच्या आत. अर्जात "का" हा शब्द नको. "एवढा जादा दर का दिला" असे विचारलेत, तर ही माहितीच नाही म्हणून उत्तर टाळले जाते. त्याऐवजी वर सांगितलेल्या कागदांची नावे लिहून साक्षांकित प्रती मागा. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करा, आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे.

कागद हाती आल्यावरही "भ्रष्टाचार" हा शब्द लगेच वापरू नका. दरात क्लॅम्प, वायर, बसवणी, जीएसटी धरलेले असू शकतात. काही दिवे बिघडून बदलीला गेलेले असतील. आधी ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, लेखी विचारा. खुलासा पटला तर तसे गावात सांगा, प्रामाणिक माणसाला तेवढे मिळालेच पाहिजे. पटला नाही तर यादी आणि कागद जोडून गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या व पोच घ्या. कोणी लाच मागितल्याची बाब असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

वैराची भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. म्हणून एकट्याने काही करू नका. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 मध्ये कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई घेतली. त्यांनी मोठे काही केले नाही. कामांचे सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचले आणि ज्यांची नावे त्यात होती, त्यांनाच विचारले की तुम्ही कामावर होता का, पैसे मिळाले का. देशाच्या माहिती अधिकार कायद्याची वाट तिथून निघाली. तुमच्या ग्रामसभेतही तेवढेच करायचे आहे. साठा नोंदवहीचे पान वाचायचे आणि खांबांची यादी वाचायची. बोट कोणाकडेही दाखवायचे नाही.

आणि "सदस्यांनी नुसता हात वर केला, त्यांचा काय दोष" असे कोणी म्हणाले, तर त्याला जळगाव सांगा. तिथल्या घरकुल योजनेत 11 हजारांहून अधिक घरे ठरली होती, पूर्ण झाली सुमारे दीड हजार. तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. त्यात माजी मंत्री होते आणि अनेक माजी नगरसेवकही होते. निकालावर उच्च न्यायालयात अपिले झाली, पण फिर्यादीपासून निकालापर्यंतची 13 वर्षे त्या घरांची वाट पाहणाऱ्या झोपडपट्टीवासीयांची गेली ती गेलीच.

सामान्य प्रशासन विभागाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या सूचनेनुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत स्थानिक कार्यालयांतले अभिलेख नागरिकांना पाहता येतात. येत्या सोमवारी दोघांना सोबत घेऊन जा आणि नमुना 16 मागा. काय निघाले ते मला अवश्य कळवा.