नौकेवरचे रडार : निवड, बसवणी आणि नजर



दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. गोराई, मनोरी, मढ, वर्सोवा येथल्या बोटी तेव्हा शाकारून ठेवलेल्या असतात. इंजिन उघडायचे, लाकूडकाम करायचे आणि नवे यंत्र बसवायचे तेही याच दिवसांत. जीपीएस, वायरलेस आणि फिशफाइंडर आपल्या ओळखीचे झाले आहेत. त्यांच्या पुढची पायरी म्हणजे रडार. त्याचा खर्च मोठा असतो आणि बऱ्याचदा तो कर्ज काढूनच करावा लागतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी या यंत्राचा थोडा अभ्यास करू या.

१. रडार काय करते?

रडारचा फिरता अँटेना रेडिओ लहरी सोडतो. त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि अँटेनाच्या रोखावरून दिशा. जीपीएस आपण कुठे आहोत ते सांगते. आपल्या आजूबाजूला कोण आहे ते रडार सांगते, तेही अंधारात आणि धुक्यात.

मुंबईच्या समुद्रात मोठ्या जहाजांची ये-जा सतत असते. ताशी २० सागरी मैल वेगाने येणारे जहाज ५ मैलांवरून आपल्यापर्यंत १५ मिनिटांत पोहोचते. डोल पाण्यात असताना १५ मिनिटांत बोट मोकळी करणे किती कठीण, हे तांडेलांना सांगायला नको.

२. निवड करताना

दुकानदार प्रथम रडार किती किलोवॅटचे आणि किती मैलांचे ते सांगतो. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे लहान बोटीवरून फार लांबचे दिसतच नाही. हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला २.२ ने गुणावे. समोरच्या वस्तूच्या उंचीचेही तसेच करावे. दोन्हींची बेरीज म्हणजे सागरी मैलांतले जास्तीत जास्त अंतर. अँटेना ३ मीटरवर असेल, तर १ मीटर उंचीची होडी फार तर ६ मैलांवर आणि २५ मीटर उंचीचे जहाज सुमारे १५ मैलांवर दिसू शकेल. मग ४८ मैलांच्या यंत्रासाठी जादा पैसे का मोजावेत?

त्यापेक्षा अँटेनाची रुंदी पाहावी. घुमटाच्या आकाराच्या ४५ सेंटिमीटरच्या अँटेनाचा झोत सुमारे ५ अंश रुंद असतो. ३ मैलांवर तो जवळजवळ ४८५ मीटर पसरतो. तेवढ्या अंतरात शेजारी-शेजारी असलेल्या दोन बोटी पडद्यावर एकच ठिपका होतात. उघड्या, लांब अँटेनाचा झोत अरुंद असतो आणि चित्र स्पष्ट येते. मात्र तो जड असतो व त्याला जागाही जास्त लागते. लहान बोटीला घुमटच सोयीचा.

जुन्या पद्धतीच्या मॅग्नेट्रॉन रडारला तापायला एक-दोन मिनिटे लागतात. नव्या सॉलिड-स्टेट रडारला ती लागत नाहीत आणि बॅटरीही कमी खर्च होते. आपली बॅटरी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची, दुरुस्ती करणारा जवळपास आहे का आणि परवाना कोणता लागतो, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

३. बसवताना

उंच बसवले की लांबचे दिसते, हे अर्धेच खरे. ३ मीटरऐवजी ६ मीटरवर नेले तर तीच होडी ६ ऐवजी साडेसात मैलांवर दिसेल. लाभ दीड मैलाचा. उलट बोटीजवळचा न दिसणारा पट्टा सुमारे १३ मीटरवरून २७ मीटरपर्यंत वाढतो आणि डोलकाठीवर वजनही चढते. तेव्हा केबिनच्या वर, उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा झोत उंच राहील एवढी उंची पुरे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• अँटेनासमोर डोलकाठी किंवा धुराडे आले तर त्या दिशेला रडार आंधळे होते. नाळेकडची बाजू मोकळी असावी.

• होकायंत्रापासून किती अंतर ठेवायचे ते पुस्तिकेत लिहिलेले असते, ते पाळावे. जीपीएसचा अँटेना झोतात येऊ देऊ नये.

• घुमटाखालचे पाणी निचरण्याचे भोक बुजवू नये. बोल्ट गंज न धरणारे असावेत.

• पडद्यावरची पुढची रेघ नाळेशी जुळते का, हे समोरच्या एखाद्या बोयावर नाळ रोखून तपासावे.

• कोणी वर चढणार असेल तर आधी मुख्य बटण बंद करावे.

४. आपण दुसऱ्याला दिसतो का?

हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. लाकूड आणि फायबर रेडिओ लहरी नीट परतवत नाहीत. जहाजाच्या रडारवर आपली बोट पुसट दिसते, कधी लाटांच्या ठिपक्यांत हरवते. यावर उपाय स्वस्त आहे. एकमेकांना काटकोनात जोडलेल्या धातूच्या पत्र्यांचा रडार रिफ्लेक्टर डोलकाठीवर उंच बांधावा. रडार घेणे परवडत नसेल त्यांनी निदान एवढे तरी करावेच. २०२४ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून नौकांना ट्रान्सपाँडर देण्यास सुरुवात झाली. त्यावरून संकटात संदेश पाठवता येतो, पण तो रिफ्लेक्टरचे काम करीत नाही.

५. यंत्र आहे, नजर कोणाची?

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ इटलीचे 'आंद्रेआ डोरिया' आणि स्वीडनचे 'स्टॉकहोम' ही जहाजे एकमेकांवर आदळली. ५१ माणसे मरण पावली. दोन्ही जहाजांवर रडार होते आणि दोघांनाही दुसऱ्याचा ठिपका दिसला होता. एकाला वाटले डावीकडून जाऊ, दुसऱ्याला वाटले उजवीकडून. 'आंद्रेआ डोरिया'वर त्या ठिपक्याची हालचाल कागदावर नोंदलीच गेली नव्हती.

म्हणून एक नियम घरच्या मुलांनाही शिकवावा. दर तीन मिनिटांनी ठिपक्याची दिशा आणि अंतर लिहावे. दिशा तीच राहून अंतर कमी होत असेल, तर टक्कर होणार असे समजून वेळीच हालचाल करावी. शंका असली तरी धोका आहे असेच धरावे. सोळा नंबरच्या चॅनलवर हाक द्यावी. आणि रडार चालू आहे म्हणून सर्वांनी झोपू नये. एक माणूस पहाऱ्यावर हवाच. संकटात तटरक्षक दलाचा दूरध्वनी १५५४ आहे. तो केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या बोटीवर रिफ्लेक्टर आहे का? तो किती उंचीवर आहे?

२. रात्री पहारा कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठरते का?

३. तांडेल आजारी पडला तर रडारचा पडदा वाचू शकेल असा दुसरा खलाशी आपल्या बोटीवर आहे का?