भाच्या, कामावर जाताना हे ऐकून जा

किडनी बसवून तीन महिने होतायत, डॉक्टरांनी फिटनेसचा कागद दिलाय, आणि तू सेफ्टी बूट पुसून दाराशी ठेवलेस म्हणे. जा की बाबा, कोण अडवतंय! मामाचं तेवढं ऐकून जा.

१. सकाळी आठची गोळी म्हणजे रात्रीचीही आठलाच — त्या गोळीतलं टॅक्रोलिमस रक्तात कमी पडलं की शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठतं.

२. कंपनीत मोबाइल गेटवर जमा होत असेल तर मनगटावर गजराचं साधं घड्याळ बांध — दुसऱ्या पाळीत आठ वाजले हे लाईनवर कुणी सांगायला येत नाही.

३. एक डोस कायम खिशात. गाडीच्या डिकीत नको, ती उन्हात तापते — आणि नाशिक रस्त्यावर कुरुळीहून चाकणच्या तळेगाव चौकात कधी पोचशील हे ट्रॅफिक हवालदारालाही सांगता येत नाही. डबा विसरला तर कॅन्टीन आहे, गोळी विसरली तर कोण आहे?

४. गोळी चुकली किंवा उलटून पडली तर आपल्या मनानं दोन घेऊ नकोस, दवाखान्यात फोन कर. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी पुढे केली तरी तेच — रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

५. रक्त तपासायला द्यायचं त्या सकाळी गोळी घेऊन जायची, गिळून नाही — पुढच्या डोसआधी किती औषध उरलं तेच तर बघायचं असतं. त्या दिवशी दुसरी पाळी मागून घे.

६. जड उचलणं सर्जन 'हो' म्हणेपर्यंत बंद, मित्रांनी कितीही चिडवलं तरी. नवी किडनी पाठीशी नसते, पोटात खाली, जांघेच्या वर बसवतात — तिथे बरगड्यांचं कवच नाही, आणि ट्रॉलीचं हँडल, बेंचची कड, हत्यारांचा पट्टा नेमके तिथेच लागतात. पट्टा वर बांध, ट्रॉली दुसऱ्याला ढकलू दे, वर त्याला चहा पाज.

७. सुपरवायझर आणि कंपनीचे डॉक्टर, दोघांना सांगून ठेव. अख्ख्या लाईनला नको — रात्रपाळी टाळायची, धुळीच्या कामातून बाजूला व्हायचं, तर कारण माहीत असलेला माणूस लागतो.

८. ठेकेदाराकडे असलास तरी ईएसआयचं कार्ड सांभाळ. आजारपणाचा भत्ता वर्षात ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. लांबलचक आजारांच्या यादीत बसलास तर पुढेही मिळतो. विचारायला लाजू नकोस.

९. पाठ दुखली म्हणून फर्स्ट एडच्या डब्यातली गोळी तोंडात टाकू नकोस — डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किडनीलाच मारतात.

१०. कॅन्टीनमध्ये गरम वाफाळतं खा, कापून ठेवलेली काकडी राहू दे. पपनसही नको, भले सासूबाईंनी पाठवलेलं असो — त्यानं रक्तात औषध वाढतं.

११. सुट्टीला घरचा कांदा चाकण बाजारात पाठवायचा असेल तर हिशेब तू लिही, सडका निवडायला दुसरा बसू दे. कांद्यावरची काळी भुकटी म्हणजे बुरशी — ती छातीत गेली तर तुला महागात पडेल. शेणखताचा उकिरडाही लांबूनच बघ.

१२. ताप १००.४ झाला की क्रोसिन घेऊन पाळी ओढायची नाही, आधी डॉक्टरांना फोन — तुझ्या अंगात आता मोठा आजारही पाय न वाजवता येतो.

१३. किडनी दिली ती आक्कानं. तिच्या तपासणीची तारीखही तुझ्याच कॅलेंडरवर लिही — तिलाही आता एकीवरच चालवायचंय, दरवर्षी रक्तदाब नि क्रिएटिनिन बघायला हवं. माझी बहीण आहे, ओळखतो मी तिला, आपणहून काही सांगायची नाही. त्या दिवसाची रजा आत्ताच टाक.