थंडीत गोबरगॅस का आळसावतो?



मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे एकच तक्रार येऊ लागते. जनावरे तीच, शेण तेवढेच, टाकीही कुठे गळत नाही. पण दोन वेळचा स्वयंपाक होत होता तिथे सकाळचा चहा आणि चार भाकरी झाल्या की शेगडी विझते. मग घरचा कारभारी काय करतो? दोन घमेली शेण जादा घालतो. आठ-दहा दिवसांत गॅस आणखीच घटतो. हे असे का होते ते आज नीट समजून घेऊ.

गोबरगॅस म्हणजे आंबवणेच. फरक इतकाच की आंबोळीचे पीठ एका रात्रीत फुगते आणि शेणाला महिना-दीड महिना लागतो. आंबवणारे जंतू ऊब मागतात, आणि ती एकसारखी मागतात. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या आसवनीत यीस्ट इतकी उष्णता स्वतःच निर्माण करते, की टाकी ३० ते ३३ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी थंड पाणी फिरवावे लागते. उलट विलायतेत घरच्या घरी बीअर आंबवणारे लोक हिवाळ्यात ते लहान भांडे पाण्याच्या टबात ठेवतात, वरून घोंगडी गुंडाळतात; रात्रीच्या गारठ्याचा हिसका टबातले पाणी झेलते, भांड्याला लागू देत नाही. गोबरगॅसचे जंतू तर फारच थोडी ऊब निर्माण करतात. त्यांना जी ऊब मिळायची ती जमिनीची, उन्हाची आणि आपण आत घालतो त्या काल्याची. ३५ अंशांच्या सुमारास ते जोमात असतात, २० च्या खाली मंदावतात आणि १० च्या आसपास जवळजवळ झोपतात.

याचा पडताळा रत्नागिरी जिल्ह्यात चांगला पाहायला मिळतो. रत्नागिरी शहरात समुद्राच्या शेजारामुळे जानेवारीतही पहाटेचे तापमान साधारण १८-१९ अंशांच्या खाली फारसे जात नाही. त्याच जिल्ह्यातल्या दापोलीच्या पठारावर मात्र पहाट कित्येकदा १०-१२ अंशांवर येते. तिला ‘मिनी महाबळेश्वर’ उगीच म्हणत नाहीत. म्हणजे किनाऱ्यालगतच्या खळ्यातला गॅस थंडीतही फारसा तुटत नाही आणि त्याच मापाचा पठारावरचा गॅस लंगडतो, यात शेणाचा किंवा गवंड्याचा दोष नसतो. आपल्या घाटमाथ्यावरच्या सभासदांचे नाते दापोलीशी जास्त जुळते. रत्नागिरीकडचे पाहुणे “आमच्याकडे काही त्रास नाही बुवा” म्हणाले, तर त्यांचा समुद्र आपल्याकडे नाही एवढे लक्षात ठेवावे.

कोकणाला हा विषय नवा नाही. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी कणकवलीच्या गोपुरीत संडास, खत आणि गॅस यांची सांगड घालण्याचे प्रयोग केले. कणकवली १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होती.

आता जादा शेणाचे. विहिरीत दोन प्रकारचे जंतू असतात. पहिले शेण कुजवून आम्ल करतात, दुसरे ते आम्ल खाऊन जळणारा वायू करतात. थंडी दुसऱ्यांना जास्त बाधते. अशा वेळी खाद्य वाढवले की पहिल्यांचे काम चालूच राहते, दुसरे मागे पडतात आणि आत आम्ल साचते. शिवाय जादा गार काला आत गेला की विहीर आणखी थंड होते, आणि अर्धवट कुजलेले शेण लवकर बाहेर ढकलले जाते. स्लरीला आंबूस वास येतो, गॅस निघतो पण पेट घेत नाही. सामू मोजण्याचा कागद मिळाला तर तपासावे. सामू सातच्या आसपास हवा. साडेसहाच्या खाली गेला तर चार-सहा दिवस शेण घालणे बंद ठेवावे. मळी किंवा गूळ घालून ‘जोर आणण्याचा’ सल्ला गावोगाव दिला जातो. थंडीत तो ऐकू नये. साखरेचे आम्ल फार लवकर होते.

म्हणून शेण वाढवण्याऐवजी ऊब राखावी. दोन घनमीटरच्या गॅसला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते, म्हणजे रोज शंभर किलोचा काला. तो पहाटेच्या गार पाण्यात कालवला तर रोज विहिरीला गार आंघोळ घातल्यासारखे होते. काला दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान करावा. पाणी काळ्या रंगाच्या पिंपात सकाळपासून उन्हात ठेवावे. निम्मे पाणी वगळून त्याऐवजी बाहेर पडलेली ताजी पातळ स्लरी वापरली तर उत्तमच, कारण तिच्याबरोबर कामाचे जंतूही परत आत जातात. गोठा फिनेलने धुतलेले पाणी मात्र चुकूनही आत जाऊ देऊ नये.

विहिरीच्या भोवती पाचट, शेण आणि काडीकचरा यांचा कंपोस्टचा ढीग दोन-तीन फूट रुंद लावावा. चांगला पेटलेला, म्हणजे कुजू लागलेला ढीग ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि ती ऊब भिंतीत मुरते. (पेटलेला म्हटले म्हणून कोणी काडी लावू नये. गॅसजवळ विस्तव म्हणजे जिवाशी खेळ.) लोखंडी तरंगत्या टाकीतून उष्णता फार निघून जाते. तिच्यावर रात्री पोती किंवा भाताचा पेंढा टाकावा, ऊन वर आले की काढावा. जमिनीखालच्या घुमटाच्या गॅसला हा त्रास कमी. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या झाडाची फांदी सावली धरत असेल तर ती दिवाळीतच छाटावी. विहिरीत काही हजार लिटर काला असतो. तो हळू थंड होतो आणि एकदा थंड झाला की तितकाच हळू तापतो. जानेवारीत धावपळ करून फारसे हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट. गॅस घटला असे ठरवण्याआधी नळी पाहावी. थंडीत गॅसमधल्या वाफेचे नळीत पाणी होऊन साचते आणि ज्योत फडफडते. पाणी काढण्याची तोटी आठवड्यातून दोनदा उघडावी. बरेचदा रोग एवढाच असतो. पहाटे टाकी खाली बसलेली दिसते तीही सगळी तूट नव्हे. वायू गार झाला की आकसतो. ३० वरून १५ अंशांवर आला तर शेकडा पाच एवढा.

तापमान मोजायला साधा थर्मामीटर पुरतो. काला घातल्याबरोबर बाहेर पडणारी पहिली स्लरी बादलीत धरावी, त्यात तो मिनिटभर बुडवावा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. आठवड्यात दोन अंशांहून जास्त उतार दिसला, तर शेण पाऊण करावे आणि कंपोस्टचा ढीग वर-खाली हलवून त्यावर शेणपाणी शिंपडावे.