कमरेंतून पायांत उतरणारी कळ : गृध्रसी अथवा सायटिका

जें दुखणें डोळ्यांस दिसत नाहीं, सूज दाखवीत नाहीं, तापही आणीत नाहीं, आणि तरीही ऐन लावणीच्या हंगामांत धडधाकट शेतकऱ्यास अंथरुणास खिळवितें, असें दुखणें म्हणजे गृध्रसी होय. यासच हल्लीं सर्वत्र सायटिका म्हणतात. आमच्या मालवणकडे 'कंबर धरली', 'पायांत वात उतरला' असें म्हणून लोक मोकळे होतात, व मग तेल, शेक, डाग, अंगारा असा क्रम सुरू होतो. या दुखण्याचें मूळ कोठें आहे, तें आपोआप किती बरें होतें, आणि कोणत्या प्रसंगीं एक दिवसही दवडूं नये, हें शेतकरी बंधूंस नीट ठाऊक असावें, एवढ्यासाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु मोठें दप्तर चाळून त्यांतील मुद्दा तेवढा काढण्याची जी सवय तेथें लागली, तिच्या जोरावर व जाणत्या डॉक्टरांस विचारून ही माहिती येथें मांडीत आहों.

दुखणें नवें नाहीं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत २८ व्या अध्यायांत वातव्याधींमध्यें गृध्रसीचें वर्णन आलें आहे. कुल्ल्यापासून आरंभ होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी व पाऊल असा वेदनेचा मार्ग तेथें सांगितला आहे, आणि तो आजही बोट ठेवून दाखवितां येईल इतका बिनचूक आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा एका अंगास कलून पाय ओढीत चालतो, म्हणून हें नांव पडलें असें म्हणतात. युरोपांत नेपल्स येथील कोतुन्यो यानें १७६४ सालीं या वेदनेवर ग्रंथ लिहून, ती खुब्याच्या सांध्याच्या दुखण्याहून निराळी व मज्जातंतूची आहे, असें दाखविलें. पण तंतूस दुखावतें कोण, याचा उलगडा व्हावयास आणखी बराच काळ जावा लागला. १९३४ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोघां शस्त्रवैद्यांनीं, मणक्यांमधील चकती फाटून तिचा गर तंतूच्या मुळावर येतो, हें शस्त्रक्रियेच्या दाखल्यांनिशीं प्रसिद्ध केलें.

आतां ही चकती म्हणजे काय तें पाहूं. आपल्या कमरेंत पांच मणके आहेत. दर दोन मणक्यांमध्यें एक चिवट गादी असते. तिच्या बाहेरच्या अंगास तंतूंचे वेढे व आंत ओलसर मऊ गर असतो. शहाळ्यांतील कोवळ्या खोबऱ्याभोंवतीं सोडण असतें, तशीच कांहींशी ही रचना होय. वय वाढतें तसा आंतील ओलावा कमी होतो, वेढ्यांस बारीक चिरा पडतात, आणि एखाद्या दिवशीं ओझें उचलतांना गर मागल्या अंगानें बाहेर सरकतो. तेथेंच पायाकडे जाणाऱ्या तंतूंचीं मुळें आहेत. कमरेचीं चौथें व पांचवें आणि त्रिकास्थीचीं पहिलीं तीन, अशा पांच मुळांचा मिळून जो तंतू होतो, तो शरीरांतील सर्वांत जाड होय. कुल्ल्यांत तो बोटाएवढा असतो. म्हणून बिघाड कमरेंत असून रोगी पोटरी चोळीत बसतो. निव्वळ दाबानेंच कळ येते असेंही नाहीं; बाहेर आलेल्या गरामुळें तेथें दाह उत्पन्न होतो व तंतू चिडतो. हा दाह शमला कीं वेदना ओसरते, व बाहेर आलेला गर शरीर स्वतःच पुष्कळदां हळूहळू शोषून घेतें. दुखणें विनाशस्त्र बरें होतें याचें रहस्य हेंच आहे.

शेतकऱ्याच्या कमरेवर हा प्रसंग वारंवार कां येतो, याचें गणित पहारीनें चिरा उचकटणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पहारीचा टेंकू चिऱ्याजवळ व हात दूर, म्हणून थोड्या जोरांत मोठा चिरा हलतो. कमरेंत हाच व्यवहार उलटा होतो. समजा, तरव्याच्या जुड्यांची २० किलोची पाटी आपण कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढें धरली आहे. पाठीचे स्नायू कण्याच्या मागें सुमारें ५ सेंटिमीटरवर ओढ घेतात. तेव्हां तोल राखण्यास स्नायूंस २० गुणिलें ४० भागिलें ५, म्हणजे १६० किलोची ओढ घ्यावी लागते, व तो सर्व भार चकतीवर येतो. वांकलेल्या धडाचें वजन आणखी निराळें. तीच पाटी पोटाशीं, २० सेंटिमीटरवर धरली तर ओढ ८० किलोवर येते. पाटी तीच, माणूसही तोच, आणि भार निम्मा! स्वीडनच्या नाकेमसन यानें १९६० नंतरच्या दशकांत चकतींत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर उताण्या निजलेल्याचा २५ व वजन घेऊन पुढें वांकलेल्याचा २२० भरला. बसलेल्याचा त्यानें १४० सांगितला होता. परंतु १९९९ सालीं जर्मनींत झालेल्या मोजणींत सैल टेंकून बसलेल्याचा दाब उभ्याहूनही कमी आला. कचेरींत जन्म काढलेल्यांस हें ऐकून बरें वाटेल.

आमच्या किनाऱ्यावर या भाराची कोठेंच उणीव नाहीं. मृगापासून तरवा काढणें, चिखलांत पाय रुतलेले असतांना कुणग्यांतून मागें सरत लावणी करणें, आश्विनांत कापणी, पुढें भाऱ्यांची वाहतूक, उन्हाळ्यांत आंब्याच्या पेट्या व नारळाचीं पोतीं, आणि किनाऱ्यालगत घर असेल तर रापण ओढणें. चिखलांत पाय रुतला असतां अंग वळत नाहीं, म्हणून माणूस कमरेंतूनच वळतो. वांकून वळणें व त्यांत वजन उचलणें, हा योग चकतीस सर्वांत वाईट. पॉवर टिलरचे व खडकाळ रस्त्यावरील मोटारसायकलीचे धक्के त्यांत भर घालतात. जमीनधारकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, लावणीस वांकणाऱ्यांत बाया अधिक असतात, आणि मजुरी बुडेल या भयानें त्या कळ सांगत नाहींत.

दुखणें ओळखावें कसें? पायाची कळ कमरेपेक्षां अधिक असते, बहुधा एकाच पायांत असते, गुडघ्याखालीं उतरते, आणि खोकतांना, शिंकतांना किंवा शौचास जोर करतांना विजेसारखी चमकते. रोग्यास उताणें निजवून, गुडघा न वांकवितां पाय सरळ वर उचलावा. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पायांत तीच कळ उतरली तर संशय बळावतो. ही परीक्षा फ्रान्सच्या लासेग याच्या नांवानें चालते. अंगठा व पावलाची वरची बाजू बधिर होऊन टांचांवर चालतां येत नसेल, तर कमरेचें पांचवें मूळ दुखावलें आहे. करंगळीची कड बधिर होऊन चवड्यांवर उभें राहतां येत नसेल, तर त्रिकास्थीचें पहिलें. डॉक्टरकडे जातांना हें सांगितलें तर त्यांचें निम्में काम होतें.

मात्र पायांतील प्रत्येक कळ गृध्रसी नव्हे. म्हाताऱ्या माणसाचे पाय थोडें चाललें कीं भरून येत असतील व पुढें वांकून बसल्यावर बरें वाटत असेल, तर मणक्यांतील मार्ग अरुंद झाला असण्याचा संभव आहे. रात्रीं वाढणारी पाठदुखी, बारीक ताप व वजन उतरणें असेल तर मणक्याच्या क्षयाचा तपास करवावा. आणि आमच्या जिल्ह्यांत विशेष सांभाळावयाची गोष्ट ही कीं, भाताच्या चिखलांत काम करणाऱ्यास एकाएकीं थंडीताप भरून पोटऱ्या व कंबर ठणकूं लागली, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असूं शकतो. तेथें शेक देत बसणें जिवावर बेतेल. त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्र गांठावें.

याहूनही तांतडीचा प्रसंग एक आहे. कण्याच्या शेवटीं तंतूंचा जो झुपका आहे त्यास वैद्यकांत घोड्याच्या शेपटीचें नांव दिलें आहे. मोठी चकती फुटून हा सबंध झुपका दाबला गेला, तर लघवी अडते किंवा नकळत होते, शौचाचा ताबा जातो, खोगिरावर टेंकतो तेवढा भाग बधिर होतो, व दोन्ही पायांतील शक्ति जाऊं लागते. असें झाल्यास तासांचा हिशेब असतो. दोन दिवस गेले तर लघवीचा ताबा कायमचा जाण्याचें भय आहे. हीं लक्षणें लाजेखातर घरच्यांपासूनही लपविलीं जातात, म्हणून स्पष्ट लिहिलें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून रोग्यास ओरोस येथील जिल्हा रुग्णालयांत न्यावें, किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें गोव्यांत बांबोळीस. वाटेंत मालिशवाला गांठूं नये.

एरवीं मात्र घाबरण्याचें कारण नाहीं. 'पाठ टेंका, उठूं नका' हा जुना उपदेश आतां मागें पडला आहे. हॉलंडांत १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १८३ रोग्यांपैकीं निम्म्यांस दोन आठवडे अंथरुणांत ठेविलें व निम्म्यांस जमेल तसें हिंडूं दिलें. दोन आठवड्यांनीं निजलेल्यांपैकीं शेंकडा ७० व हिंडणाऱ्यांपैकीं शेंकडा ६५ सुधारले. बारा आठवड्यांनीं दोन्हीकडे शेंकडा ८७. निजून विशेष कांहीं साधलें नाहीं. तेव्हां कळ असह्य असेल तेव्हां एक दोन दिवस गुडघ्यांखालीं उशी घेऊन पडावें, मग अंगणांत थोडें थोडें चालावें. शेणाच्या जमिनीवर निजावें कीं गादीवर, हा वाद निष्फळ आहे. ज्यावर कळ कमी, तें अंथरूण चांगलें.

व्यायामाविषयीं न्यूझीलंडच्या मॅकेंझी याची हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५६ सालीं त्याच्याकडे आलेला एक रोगी, डोक्याकडील बाजू उंच राहिलेल्या बांकावर चुकून पालथा पडून राहिला, आणि थोड्या वेळानें पायांतील कळ गेल्याचें सांगूं लागला. यावरून पालथें निजून कोपरांवर छाती उचलण्याचा व्यायाम निघाला. आपलें भुजंगासन त्याच जातीचें. मात्र कसोटी ही ठेवावी : व्यायामानें कळ पावलाकडून वर कमरेकडे सरकली तर तो मानवला, खालीं उतरूं लागली तर तत्काळ सोडावा.

निर्गुडीच्या पाल्याचा वा तापविलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक सुख देतो. चकतीवर त्याचा इलाज नाहीं, पण आंवळलेले स्नायू सैल होतात. पाय बधिर असेल तेथें शेक देऊं नये, चटका कळत नाहीं. तापलेल्या सळईनें पायावर डाग देण्याची चाल आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. मधुमेह असलेल्याची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाहीं. दुकानांतून मागून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्यानें जठरास व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. निनांवी पुड्यांनीं दुसऱ्या दिवशीं चमत्कार झाला तर अधिकच सावध व्हावें. प्रीगाबालिन नांवाचें तंतूंचें औषध पुष्कळ लिहून दिलें जातें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत तें सायटिकेवर नुसत्या फसव्या गोळीहून सरस ठरलें नाहीं, चक्कर मात्र अधिक आली. आमच्या शेजारच्या वाडींत एकास घाईघाईनें कुल्ल्यांत सुई टोंचल्यावर पाऊल लुळें पडलेलें आम्ही पाहिलें आहे. सुई घ्यावी लागलीच तर कुल्ल्याच्या वरच्या बाहेरील चतुर्थांशांत घ्यावी, कारण तंतू खालच्या आंतील बाजूनें जातो.

शेतावर कांहीं फेरफार करतां येण्यासारखे आहेत. ५० किलोचें पोतें दोघांनीं उचलावें, किंवा घरींच २५ किलोचीं दोन भरावीं. तरव्याच्या जुड्या बांधावर कमरेएवढ्या उंचीवर रचाव्या. लावणाऱ्यांस तासातासानें उभें करून हात कमरेवर ठेवून मागें झुकूं द्यावें. यांत दोन मिनिटें जातात व काम बुडत नाहीं. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा दांतेरी 'वैभव' विळा कापणी हलकी करतो, पण वांकणें चुकवीत नाहीं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनीं चालविलेल्या सगुणा पद्धतींत गादीवाफ्यांवर बीं टोंकलें जातें. चिखलणी व लावणी दोन्ही टळतात. तणाचा बंदोबस्त आधीं करावा लागतो ही तिची अडचण खरी, तरी एखाद्या कुणग्यांत करून पाहण्यास हरकत नाहीं.

सहा ते आठ आठवडे होऊनही कळ तशीच राहिली, किंवा पाऊल लुळें पडूं लागलें, तर एम. आर. आय. चित्र काढून शस्त्रक्रियेचा विचार करावा. चित्रांत चकती फुगलेली दिसली एवढ्यावर मात्र भिऊं नये. कसलीही कळ नसलेल्या पुष्कळ प्रौढांच्या चित्रांतही ती दिसते. हॉलंडांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या २८३ रोग्यांच्या प्रयोगांत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची कळ लौकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांत शेंकडा ९५ बरे होते; वाट पाहणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९ जणांस मात्र पुढें शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे शक्ति शाबूत असेल तर निवड रोग्याच्या हातीं आहे. घरांत दुसरा करणारा असेल त्यानें वाट पाहावी. शस्त्रक्रियाच ठरली, तर नंतर जड ओझें किती दिवस वर्ज्य तें डॉक्टरांस आधीं विचारून घ्यावें, आणि तेवढ्या मुदतीचा गडी अगोदर ठरवून मगच रुग्णालयांत दाखल व्हावें.